खोळ, कोप्पे आणि साहेबाचा डफल कोट

मागच्या जानेवारीतली गोष्ट. माझी थोरली लेक शिकायला इंग्लंडला गेली आहे. रविवारी दुपारी आमची जेवणं झाली की तिचा व्हिडिओ कॉल येतो. त्या दिवशी ती बाहेर रस्त्यावरूनच बोलत होती. मागे पांढरं धुकं, नाकाचा शेंडा लाल झालेला आणि अंगात नवा कोरा कोट. गुडघ्यापर्यंत लांब, जाडजूड लोकरीचा, समोर बटणांऐवजी लाकडाच्या खिट्ट्या आणि दोरीचे फास, आणि डोक्यावर कोटालाच जोडलेलं मोठं टोपडं. ती म्हणाली, ‘‘आई, हा डफल कोट. इथं फार जुनी फॅशन आहे. सेलमध्ये घेतला, तरी महागच पडला.’’

माझ्या शेजारी सासूबाई बसल्या होत्या. आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणतो. त्यांचं माहेर गोकाककडचं, बोलणं कन्नड. त्यांनी चष्मा वर सरकवला, पडद्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘अय्य, कंबळी कोप्पे हाक्कोंडाळ नोडु!’’ म्हणजे, ‘अगंबाई, हिनं तर कांबळ्याची खोळ घातलीय बघ!’

आम्ही सगळे हसलो. लेकही हसली. पण फोन ठेवल्यावर माझं हसू काही टिकलं नाही. अव्वा बोलल्या ते खरंच होतं. तो कोट मी पाहिलेला होता. साहेबाच्या देशात नव्हे, निपाणीजवळच्या आमच्या शिवारात, आप्पांच्या डोक्यावर. आणि त्या खोळीशी माझा एक जुना हिशेब राहून गेला होता. तो पुढे सांगते. आधी त्या कोटाची कूळकथा पाहू.

डफेल गावचं कापड

बेल्जियम देशात अँटवर्प शहराजवळ डफेल नावाचं एक लहान गाव आहे. तिथल्या जाड, भरड, खरखरीत लोकरी कापडाला गावाचंच नाव पडलं. आपल्याकडे इरकल गावावरून इरकली लुगडं आलं, तसंच हे. इंग्रजीत हा शब्द 17व्या शतकापासून रुळलेला आहे. पुढे 19व्या शतकात इंग्लंडमधल्या कारखानदारांनी असल्या जाड कापडाचे टोपीवाले कोट शिवायला सुरुवात केली. त्याचा घाट पोलंडच्या सैनिकांच्या कोटावरून उचलला, असं तिकडचे जाणकार सांगतात.

त्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश आरमाराने हा कोट आपल्या खलाशांना द्यायला सुरुवात केली. कोटाचा घाट कसा ठरला ते पाहण्यासारखं आहे. बोटीच्या उघड्या डेकवर रात्रभर पहारा करायचा, अंगावर खारं पाणी उडतंय, हातात जाड हातमोजे. अशा हातांनी बारीक बटण लागत नाही, म्हणून बोटभर लांबीच्या लाकडी किंवा शिंगाच्या खिट्ट्या आणि दोरीचे फास. टोपडं एवढं मोठं, की डोक्यावरची आरमारी टोपी न काढता वरून ओढता यावं. आणि कोट ऐसपैस, म्हणजे अंगातल्या सगळ्या कपड्यांवरून कुणालाही घालता यावा. नटण्यासाठी त्यात काहीच नव्हतं. जे होतं ते थंडी, पाणी आणि जागरण यांच्यासाठी होतं.

दुसऱ्या महायुद्धात सेनापती माँटगोमेरी हा कोट घालून वावरत असे, त्यामुळे तो फोटोंतून जगभर गेला. बेळगावकरांना यातला एक धागा जवळचा वाटेल. 1943च्या शरदात इटलीमध्ये माँटगोमेरीच्या आठव्या सेनेत आठवी भारतीय डिव्हिजन होती आणि त्या डिव्हिजनमध्ये पाचव्या मराठा पलटणीची पहिली बटालियन होती. नोव्हेंबरच्या पावसात आणि चिखलात सांग्रो नदीवर जी लढाई झाली, तीत आपली मराठा माणसं होती. याच बटालियनचे नामदेव जाधव यांनी पुढे एप्रिल 1945मध्ये सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ज्या पलटणीचं केंद्र 1922पासून आपल्या बेळगावात आहे, तिच्या जवानांनी इटलीच्या त्या थंडीत पाय रोवले, तेव्हा त्यांचा सेनापती डफल कोटात होता. त्यातल्या कितीतरी जवानांच्या घरी, खुंटीवर, त्याच कामाचं घोंगडं टांगलेलं असणार.

युद्ध संपलं आणि आरमाराकडे कोटांचा ढीग उरला. हॅरॉल्ड आणि फ्रीडा मॉरिस या जोडप्याचा हातमोजे आणि कामगारांच्या ओव्हरऑलचा धंदा होता. त्यांनी हे उरलेले सरकारी कोट घेऊन विकले. ग्लव्ह आणि ओव्हरऑल मिळून ‘ग्लोव्हरऑल’ अशी त्यांची कंपनी 1951मध्ये उभी राहिली. साठा संपत आला तसे त्यांनी स्वतः कोट शिवायला घेतले, थोडे अंगाबरोबर बसणारे, शहरात शोभणारे. स्वस्त आणि उबदार म्हणून विद्यार्थ्यांनी ते उचलले. 1958च्या ईस्टरला अणुबॉम्बच्या विरोधात लंडनहून आल्डरमास्टनपर्यंत मोठा पायी मोर्चा निघाला, त्यात हे कोट उठून दिसले. त्याच वर्षी मायकेल बाँड यांचं पॅडिंग्टन नावाच्या अस्वलाचं पहिलं पुस्तक आलं आणि त्या अस्वलाला निळा डफल कोट मिळाला. खलाशाचा कोट सेनापतीचा झाला, मग विद्यार्थ्याचा आणि शेवटी लहान मुलांच्या लाडक्या अस्वलाचा.

अस्वलावरून आपली गोष्ट आठवली ना? नदीच्या पुरात काळं घोंगडं वाहत चाललेलं बघून एक जण उडी मारतो. काठावरचे ओरडतात, ‘अरे, सोड ते घोंगडं!’ तो म्हणतो, ‘मी सोडतोय, पण घोंगडं मला सोडत नाही!’ कारण ते घोंगडं नसून अस्वल असतं. साहेबाच्या गोष्टीत अस्वल घोंगडं पांघरतं आणि आपल्या गोष्टीत घोंगड्याचंच अस्वल होतं.

आपला बिनशिवणीचा कोट

आता आपल्याकडे येऊ. घोंगडं म्हटलं की आजच्या मुलांना अंथरायची किंवा पांघरायची वस्तू एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण आपल्या भागात, विशेषतः खानापूर, चंदगड, आजरा या पावसाच्या पट्ट्यात, घोंगडं हे आधी अंगावर घालायचं वस्त्र होतं. ते उभं दुमडायचं, वरच्या टोकाला त्रिकोणी घडी घालून बाभळीच्या काट्यानं किंवा सुतळीच्या टाक्यानं पक्की करायची, की झाली खोळ. डोक्यावर टोपडं आणि पाठीवरून पोटरीपर्यंत लोकरीचा पडदा. हात मोकळे. नांगर धरा, कुळव धरा, काठी धरा. कन्नडमध्ये यालाच कंबळी कोप्पे म्हणतात.

या कोटाला शिंपी लागत नाही. माप लागत नाही. बापाचं घोंगडं लेकाला होतं, सासूचं सुनेला होतं. पाऊस थांबला की काटा काढायचा, घडी मोडायची आणि बांधावर अंथरून भाकरी सोडायची. रात्री तेच अंगावर. बाजाराला जाताना तेच खांद्यावर, येताना त्यातच दाण्याचं गाठोडं. साहेबाच्या कोटाला एवढी कामं जमली नसती.

पाणी आत का येत नाही, याचं कारण लोकरीतच आहे. मेंढीच्या लोकरीत मेणासारखी चिकट स्निग्धता असते. दख्खनी मेंढीची लोकर भरड, केसाळ, आणि घोंगड्याचं सूत पीळदार. पावसाचे थेंब वरच्या केसांवरून ओघळून जातात. जे पाणी आत मुरतं त्याचीही गंमत आहे. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही, आणि ती ओल शोषताना थोडी ऊबही देते. म्हणून भिजलेल्या सुती चादरीत हुडहुडी भरते आणि घोंगड्यात भरत नाही.

पण त्यालाही मर्यादा आहेच. घोंगडं एकदा पुरतं भिजलं, की मणभर जड होतं आणि दिवसेंदिवस वाळत नाही. ‘भिजत घोंगडं’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. आपण सीमाभागातली माणसं. पन्नास-साठ वर्षं पेपरात हा शब्द वाचून वाचून आपल्याला त्याचा एकच अर्थ माहीत झाला आहे. त्यात खरं घोंगडं होतं, हे आपण विसरूनच गेलो.

कुंची, कुंचगी आणि बुरणूस

आमच्यासारख्या दुभाषी घरात शब्दांची देवाणघेवाण रोज चालते. मराठीत कांबळं, कन्नडमध्ये कंबळी. दोन्हीचं मूळ संस्कृत कंबल. मराठीत माग, कन्नडमध्ये मग्ग. मराठीत तान्ह्या बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सोडतात ती कुंची, कन्नडमध्ये कुंचगी. माझ्या थोरलीच्या बारशाला दोन्ही घरांकडून एकेक आली होती. निपाणीची खणाची आणि गोकाकची लाल, मणी लावलेली. कुठली घालायची यावर बायकांत जरा कुजबुज झाली. शेवटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक घातली. विचार करा, टोपडं जोडलेला अंगरखा म्हणजेच कुंची. आपलं प्रत्येक मूल जन्मल्यावर पहिल्या काही महिन्यांतच डफल कोट घालून मोकळं होतं!

जुन्या मराठीत आणखी एक शब्द आहे, बुरणूस. न विणता, लोकर दाबून जमवलेल्या जाड कांबळ्याला बुरणूस म्हणत. हा शब्द अरबीतून आला. तिकडे उत्तर आफ्रिकेत बुर्नूस म्हणजे टोपडं असलेला लांब लोकरी झगा. आपल्याकडे येताना त्या शब्दानं टोपडं वाटेत टाकलं आणि तो नुसतं कांबळं होऊन राहिला.

आणि शिवलेला लोकरी कोट आपल्याकडे नव्हताच, असंही नाही. मैलारलिंगाचे गोरव पाहा. मैलार म्हणजे आपला खंडोबा. हे गोरव काळ्या कंबळीचा लांब अंगरखा घालतात, डोक्याला अस्वलाच्या केसांची टोपी, हातात डमरू. पुन्हा अस्वल आलंच! देवाच्या दारात काळी कंबळी ही गरिबाची वस्तू नसते, मानाची असते. कर्नाटकात कुरुब समाजाच्या मेळाव्यात आणि महाराष्ट्रात धनगर मेळाव्यात पाहुण्याच्या खांद्यावर आजही कंबळी किंवा घोंगडं टाकतात आणि हातात काठी देतात. मुख्यमंत्री असो की मंत्री, शालीपेक्षा तो मान मोठा समजतात.

निपाणीजवळ कुर्ली-आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाची यात्रा भरते, तशीच पलीकडे हातकणंगले तालुक्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची. ढोल, भंडारा आणि भाकणूक. पट्टणकोडोलीत भंडाऱ्याबरोबर खारीक-खोबरं आणि लोकरही उधळतात. दोन्ही राज्यांतले धनगर आणि कुरुब तिथं एकाच भंडाऱ्यात पिवळे होतात. खांद्यावरच्या घोंगड्याकडे बघून कोण मराठी, कोण कन्नड, हे सांगून दाखवा!

आप्पांची खोळ

आता माझा हिशेब. आमची तंबाखूची शेती. पीक तयार होऊन उभं असलं, की रात्री राखणीला आप्पा रानात झोपत. त्यांच्याकडे एक काळं घोंगडं होतं, कडेला पांढऱ्या दोन रेघा. पावसाळ्यात तेच खोळ होऊन डोक्यावर. त्याला एक वास यायचा. धूर, मेंढी, तंबाखू आणि ओली माती यांचा मिळून. लहानपणी मी त्याच्यात शिरून झोपायची. ते टोचायचं, तरी झोप लागायची.

1996 साली मी बेळगावला शिकायला आले, वसतिगृहात राहू लागले. जुलै महिना. बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. एका दुपारी शिपाईमामांनी निरोप दिला, ‘‘गावाकडनं कोण तरी आलंय.’’ खाली आले तर फाटकापाशी आप्पा उभे. एसटीनं आले होते. हातात डब्याची पिशवी, डोक्यावर घोंगड्याची खोळ, तिच्यावरून पाणी गळतंय. माझ्या मागे खोलीतल्या दोघी-तिघी होत्या. त्यातली एक हळूच काहीतरी म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. काय म्हणाली ते मला ऐकूही आलं नाही. पण माझे कान तापले.

मी आप्पांना बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘आप्पा, पुढच्या खेपेला घोंगडं घालून येऊ नका.’’

ते म्हणाले, ‘‘बरं.’’ एवढंच.

पुढच्या महिन्यात ते परत आले. अंगात नवा प्लॅस्टिकचा रेनकोट, बाजारात मिळतो तसला निळा, पातळ. खांद्यावर तो उसवला होता आणि आतला सदरा ओलागच्च होता. ते कुडकुडत होते. डबा देताना त्यांची बोटं गार लागली. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही, मीही काही बोलले नाही. पुढची पाच वर्षं मी बेळगावात होते. घोंगडं घालून ते कधी आले नाहीत.

2011 साली आप्पा गेले. घोंगडं भावाकडे ट्रंकेत होतं. वहिनीनं मला विचारलं, ‘‘वन्सं, तुम्हांस्नी काय पायजे त्यांची आठवण?’’ मी ते मागून घेतलं. माझ्या घरीही ते ट्रंकेतच राहिलं, कडुनिंबाच्या पाल्यात. माझ्या लेकीनं रस्त्यावर उभं राहून डोक्यावरचं लोकरी टोपडं सारखं करत ‘आई, कसा दिसतोय?’ विचारलं, तेव्हा मला ते फाटक आठवलं. घाट तोच, लोकर तीच. मधे फक्त दुकान आणि देश आला होता. मी तिला म्हटलं, ‘‘छान दिसतोय.’’ आप्पांना हे एकदाही म्हटलं नव्हतं.

लोकर आहे, हात नाहीत

पुढच्या फोनला लेकीला ही सगळी गोष्ट सांगितली. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘आई, आजोबांच्या घोंगड्याचा मला असाच कोट शिवून देशील?’’ मला कल्पना आवडली. मी घोंगडं पिशवीत घालून एका जुन्या शिंप्याकडे गेले. त्यांनी हातात घेऊन पाहिलं, नखानं धागा उचलला आणि म्हणाले, ‘‘हे आधी विणकराला दाखवा. कात्री लावली आणि उसवत गेलं तर मला पाप लागेल.’’

म्हणून चिकोडीच्या पलीकडे एका गावात गेले. एक म्हातारे विणकर अजून बसतात. घराच्या पडवीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून ते बसलेले, समोर माग. त्यांनी जाता येता सगळं काम दाखवलं. कातरणीआधी मेंढ्या ओढ्यात धुवायच्या. वर्षातून दोनदा कातरायचं. लोकर निवडून पिंजायची. सूत कातायचं काम घरच्या बायकांचं. ताणा लांब पसरून त्याला चिंचोक्याची खळ द्यायची, म्हणजे भरड धागा मागावर तुटत नाही. नवं घोंगडं ताठ लागतं ते त्या खळीमुळे. मग ते जसं वापरावं तसं अंगाला सरावतं. काळा रंग डबक्यातला नाही, मेंढीचाच. रेघा पांढऱ्या मेंढीच्या.

मी विचारलं, ‘‘मामा, आता मागणी कमी झाली का?’’ ते म्हणाले, ‘‘अक्का, मागणीचं सोडा. लोकर हाय, पर कातणारा हात ऱ्हाईला न्हाई. माझी बायको गेली, सुना कातत न्हाईत. त्यांचं तरी काय चुकलं? दिवसभर कातून रोजगाराच्या निम्मं बी सुटत न्हाई.’’

त्यांचं म्हणणं खरं आहे. पानिपतच्या गिरण्यांतून जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्यांपासून केलेली स्वस्त ब्लँकेटं आली. सिंथेटिकची मऊ, रंगीत, वजनाला हलकी आली. पावसाला छत्री आणि रेनकोट आले. दुसरीकडे मेंढपाळाचं गणित बदललं. पैसा मटणात आहे. म्हणून जत तालुक्यातल्या माडग्याळ गावच्या नावाची, उंच, लवकर वजन धरणारी, अंगावर लोकर कमी असलेली मेंढी अनेकांनी कळपात आणली. उरलेल्या दख्खनी मेंढ्यांची लोकर कातरायला जो खर्च येतो, तेवढाही लोकरीतून निघत नाही. कातरायला तर लागतंच, नाहीतर जनावर आजारी पडतं. मग ती लोकर बांधावर टाकून देतात. ज्या देशात डफल कोट महाग विकला जातो, तिथं लेक लोकरीला पैसे मोजते आणि तिच्या आजोळच्या शिवारात लोकर काट्याकुट्यांवर उडत असते.

मात्र एक गोष्ट गेलेली नाही. येत्या पावसात खानापूरकडे भाताच्या रोप लावणीला जाऊन पाहा. चिखलात वाकलेल्या बायकांच्या डोक्यावर खताच्या मोकळ्या पोत्याची खोळ असते. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसला की टोपडं तयार. लोकर गेली, पण घाट राहिला. हातांना तो अजून पाठ आहे. फक्त त्या प्लॅस्टिकात ऊब नाही, आणि दुपारपर्यंत आतून घामानं अंग भिजतं.

कात्री लागली नाही

विणकरमामांनी आप्पांचं घोंगडं मांडीवर घेतलं. बराच वेळ हात फिरवला. मग म्हणाले, ‘‘ह्याला कात्री लावू नगा, अक्का. ह्याच्यात माणूस झोपलाय. पोरीला कोट पायजे तर नवं विणून देतो. पर वेळ लागंल. सूत कातून घ्याया मला चार गावं फिराय लागंल.’’

मी होकार दिला आणि निम्मे पैसे पुढे दिले. नवं घोंगडं यायला चार महिने लागले. शिंप्यानं त्याचा कोट शिवला. कडा आतून दुमडून सुती पट्टी लावली, आत सुती अस्तर घातलं म्हणजे टोचणार नाही, आणि समोर बाभळीच्या लाकडाच्या खिट्ट्या बसवल्या. तो थोडा जड झालाय, खांद्यात थोडा ओढतोही. दुकानातल्या कोटाची सफाई त्यात नाही. पहिल्यांदाच केल्यावर असं व्हायचंच. पुढच्या खेपेला सूत जरा बारीक कातून घ्यायचं, असं मामा आणि शिंपी दोघांचं ठरलंय.

लेक दिवाळीला आली तेव्हा तिनं तो घालून पाहिला. मग आप्पांचं घोंगडं मागितलं आणि विचारलं, ‘‘याची खोळ कशी करतात?’’ मी दुमडून पाहिलं, पण जमेना. मी कधी शिकलेच नव्हते. तेव्हा अव्वा उठल्या. घोंगडं उभं दुमडलं, वरचं टोक आत वळवलं, डोक्यातली एक पिन काढून टोचली आणि नातीच्या डोक्यावर ठेवलं. सगळं मिळून अर्धा मिनिटही लागलं नसेल. ‘‘नम्म अप्पा हींग हाकतिद्द,’’ त्या म्हणाल्या. ‘आमचे वडील असंच घालायचे.’ गोकाकचे त्यांचे वडील आणि निपाणीचे माझे. दोघांची कधी भेट झाली नव्हती.

मग मी ती खोळ मोडली आणि अव्वांसमोर पुन्हा केली. तिसऱ्या वेळेला जमली.

वाचकहो, आपल्यापैकी कितीतरी घरांत माळ्यावर किंवा ट्रंकेत असं एखादं घोंगडं असेल. या आठवड्यात ते काढा, झटका, दोन दिवस उन्हात घाला. कसर लागली नसेल तर पाला बदलून परत ठेवा. पण ठेवण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना, आज्जीला, अव्वाला, एकदा खोळ करून दाखवायला सांगा आणि मुलांना समोर बसवा. आणि तुमच्या गावात अजून कुणाचा माग चालू असेल, तर यंदाच्या थंडीसाठी एक घोंगडं आत्ताच सांगून ठेवा. सूत कातायला वेळ लागतो.